बिजागऱ्या तेवढ्या गेल्या
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या कुणकेश्वरात मे महिन्यात आंबा मुंबईला जातो आणि मुंबईची माणसं गावाला येतात. येताना ती खाऊ आणतात, मुलांना आणतात आणि घर सुधारायच्या कल्पनाही आणतात. २०२३ च्या मे महिन्यात माझा मुलगा आणि सून डोंबिवलीहून आली ती मोबाइलवर एक चित्र घेऊनच. चित्रात आमचं स्वयंपाकघर होतं. खिडकी आमचीच होती, खिडकीतून दिसणारा माडही आमचाच. बाकी सगळं पांढरंशुभ्र आणि चकचकीत. भिंतभर कपाटं, कुठे कडी नाही, कोयंडा नाही, मूठसुद्धा नाही. "आई, जुनं सगळं काढून टाकायचं. गणपतीच्या आधी नवीन बसवून होईल," मुलगा म्हणाला. खर्चाचा आकडाही त्याने सांगितला. दोन लाख चाळीस हजार.

माझ्या सासूबाई उंबऱ्याजवळ बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. त्यांचं वय तेव्हा शहाऐंशी. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला दहा-बारा वर्षं झाली. उजेड आणि काळोख एवढाच फरक कळतो. त्यांनी आठळी बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "गो, ह्या फडताळ काढलास तर माका मीठ खंय गावतला?"

आम्ही हसलो. पण रात्री मला तो प्रश्न पुन्हा आठवला. कारण सासूबाईंना दिसत नसलं तरी बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं किती घालायची ते त्याच ठरवतात. तिरफळांची बरणी कुठे, आमसुलं कुठे, मोठ्या मिठाची सट कुठे, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. फडताळाची कडा लागली की तिथून डावीकडे दोन वीत मीठ. घरातल्या इतर खोल्यांत त्यांना हात धरून न्यावं लागतं. स्वयंपाकघरात त्या एकट्या जातात. ते स्वयंपाकघर आम्ही गणपतीच्या आधी काढून टाकणार होतो.

आता आमच्याकडे कपाटं होती तरी कोणती, ते सांगते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अशीच असतील. सगळ्यांत जुनं ते फडताळ. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत चांगली दीड हात जाड असते. ती बांधतानाच आत पोकळी ठेवायची, लाकडी चौकट बसवायची, फळ्या घालायच्या आणि दोन दारं लावायची. आमची दारं फणसाची. फणसाचं लाकूड कापलं की आतून हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षं गेली की तपकिरी होत जातं. ब्रह्मदेशात आणि थायलंडमध्ये बौद्ध भिक्षूंची वस्त्रं पूर्वी याच लाकडाच्या रंगात रंगवत. आतल्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, म्हणून कोकणात देव्हारा, पाट, कपाट यांना फणस वापरायची रीत पडली.

दुसरं दुधाचं जाळीचं कपाट. चार पाय आणि चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. फ्रीज आल्यावर ते कोपऱ्यात गेलं आणि त्यात जुनी वर्तमानपत्रं राहू लागली. तिसरी कपाटं ओट्याखालची. आमच्याकडे १९९१ मध्ये गॅस आला, चूल मागच्या पडवीत गेली आणि उभ्याने स्वयंपाक सुरू झाला. तेव्हा ओट्याखाली प्लायवूडचे खण केले आणि वर सनमायका लावला. त्या वेळी आळीतल्या बायका ते बघायला आल्या होत्या.

मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फडताळाचं एक दार लोंबत होतं. पावसाळ्यात दुसरं उघडायला दोघं लागत. ओट्याखालचे खण इतके खोल की मागची पातेली काढायला मला जमिनीवर बसावं लागे, आणि माझे गुडघे आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. सनमायक्याचे तुकडे निघून आतलं प्लाय दिसत होतं. सुनेला मिक्सर ठेवायला जागा नव्हती. तीन आठवडे येते आणि तीन आठवडे मिक्सर जमिनीवर ठेवून वाटते बिचारी.

पण मी दुसरंही एक उदाहरण पाहिलेलं होतं. माझ्या एका नात्यातल्या घरी, इथेच किनाऱ्यावर, पाच-सहा वर्षांपूर्वी तयार कपाटं बसवली. कुणाकडून ते सांगत नाही. दिसायला अगदी त्या चित्रासारखी. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या खणाचा तळ फुगला. तिसऱ्या वर्षी दारांच्या बिजागऱ्या स्क्रूसकट बाहेर आल्या, कारण स्क्रू ज्यात बसवले होते ते लाकूड नव्हतंच. लाकडाचा भुसा आणि बारीक तुकडे गोंदात दाबून केलेला तो बोर्ड, पार्टिकल बोर्ड म्हणतात त्याला. कोरड्या गावात, नीट वापरला तर तो टिकतोही. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर खारं वारं. एकदा कडेने पाणी आत शिरलं की भुसा फुगतो आणि पुन्हा कधी पहिल्यासारखा होत नाही. लाकूड फुगलं तर उन्हाळ्यात ते परत बसतं. भुशाला परतीची वाट नाही.

म्हणून मी मुलाला म्हटलं, "आधी मेस्त्रींना दाखवूया. ते काढा म्हणाले तर काढू."

मेस्त्री आले. आमच्या घराची कौलं आणि वासे वर्षानुवर्षं तेच बघतात. त्यांनी आल्या आल्या मोजपट्टी काढली नाही. खिशातून टोच्या काढला आणि फडताळाच्या चौकटीला खालपासून वरपर्यंत टोचत गेले. मग बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला. टोच्या सहज आत गेला की लाकूड आतून खाल्लेलं, आणि आवाज पोकळ आला की संशय घ्यायचा. आमच्या चौकटीत फक्त डाव्या पायाशी, जिथे भिंतीची ओल येते तिथे, दोन बोटं आत गेला. बाकी सगळं घट्ट. मेस्त्री म्हणाले, "वयनीनू, लाकूड सोन्यासारख्या असा. बिजागऱ्यो तेवढ्यो गेल्यो."

ओट्याखालच्या खणांबद्दल मात्र ते गप्प झाले. मधल्या भिंती चांगल्या होत्या, पण सिंकखालचा खण कुजलेला. तो ठेवा म्हणून मी आग्रह धरला असता तर चुकलं असतं. प्लायचे थर सुटायला लागले, पानासारखे उलगडू लागले, की त्याची दुरुस्ती होत नाही. तो खण काढलाच. त्या जागी नवं प्लाय आणलं ते बघून. साध्या प्लायवर आयएस ३०३ असा शिक्का असतो आणि मरीन प्लायवर आयएस ७१०. या दुसऱ्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. पाण्याजवळच्या खणाला तेच घ्यावं. सगळीकडे घ्यायची गरज नाही. आणि कोणतंही प्लाय असो, कापलेली कड उघडी ठेवली की पाणी तिथूनच शिरणार. आमच्या मेस्त्रींनी प्रत्येक कडेला, अगदी न दिसणाऱ्या मागच्या कडेलासुद्धा, रंगाचे दोन हात दिले.

भोकं आणि पिठूळ यांबद्दल सांगायला हवं, कारण यात लोक फार घाबरतात. जाळीच्या कपाटाच्या एका पायाला टाचणीएवढी भोकं होती. वाळवी मातीच्या नळ्या करत भिंतीतून चढते. ही भोकं वेगळ्या किड्याची असतात, आणि त्यांतून मैद्यासारखी बारीक पूड पडते. आता भोकं दिसली म्हणजे किडा आत आहेच असं नाही. तो वीस वर्षांपूर्वी येऊन गेलेला असू शकतो. मेस्त्रींनी पायाखाली काळा कागद पसरला आणि आठ दिवस तसाच ठेवायला सांगितला. कागदावर पूड पडली नाही. पडली असती तर औषध घालावं लागलं असतं. जुनी माणसं म्हणतात की चुलीचा धूर होता तोवर किडा येत नसे. त्या धुराने बायकांच्या छातीचं काय झालं तेही मी पाहिलं आहे, त्यामुळे धूर परत आणावा असं काही मी म्हणणार नाही. पण धूर गेल्यावर लाकडाकडे आपल्यालाच लक्ष द्यावं लागतं.

मग रंग. इथे जरा सावकाश ऐका, कारण हा भाग पैशांचा नाही, जीवाचा आहे. आमच्या फडताळावर हिरव्या ऑइलपेंटचे किती थर होते कोण जाणे. दर दोन-तीन लग्नांमागे एक, असा हिशेब. मुलगा मुंबईहून घासायचं विजेचं यंत्र आणतो म्हणाला. मी नको म्हटलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असे नियम २०१६ मध्ये निघाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर होते, अन्नावर बसते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते. शिशाचा त्रास लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यांत जास्त. म्हणून दारं काढून मागच्या पडवीत नेली, पाण्याचा हात लावत ओल्या पॉलिश पेपरने घासली, खाली प्लास्टिक पसरलं आणि निघालेला लगदा त्यातच गुंडाळून ठेवला. तो विहिरीकडे किंवा परसात टाकला नाही. नातवंडांना आठ दिवस तिकडे फिरकू दिलं नाही. चौकटीवरचा रंग घट्ट होता, तो तसाच राहू दिला आणि त्यावर नवा हात दिला. घट्ट बसलेला जुना रंग उगाच उकरू नये.

रंगाच्या आधी चिकटा काढायचा. तेलाच्या वाफेचा तो पिवळट थर असतो ना, त्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालायचा, फडकं पिळून पुसायचं, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. लाकूड भिजवायचं नाही. पितळी कड्यांना मी आमसुलाचं पाणी लावलं. आमच्याकडे तांब्या-पितळेला तेच लावतात, दुसरं काही आणावं लागत नाही.

आतल्या बाजूला, जिथे अन्न ठेवायचं, तिथे रंग दिलाच नाही. लाखेचं पातळ पॉलिश दिलं, तेही मे महिन्याच्या कोरड्या दिवसांत, कारण दमट हवेत ते पांढुरकं पडतं. चौकटीचा भिंतीला टेकणारा भाग आणि कपाटाचे पाय यांना काजूच्या टरफलाचं तेल लावलं. ते कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, तेव्हा हातमोजे हवेतच. आणि त्याला वास असतो, चिकटपणा असतो, म्हणून ते आत लावायचं नाही. कुजलेला दोन बोटं भाग मेस्त्रींनी कापून काढला आणि तिथे फणसाचाच तुकडा जोडला. चौकट आणि भिंत यांच्यात हवा खेळेल एवढी फट ठेवली.

लोंबणाऱ्या दाराला काय झालं होतं? बिजागरी लोखंडी. खाऱ्या वाऱ्याने ती गंजली, स्क्रूची भोकं सैल झाली, इतकंच. सैल भोकात जाड स्क्रू ठोकून बसवतात, तो उपाय सहा महिन्यांचा. मेस्त्रींनी भोक साफ केलं, सागाची खुंटी तासून फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकली, दुसऱ्या दिवशी वरून सपाट केली आणि मग नव्याने भोक पाडलं. बिजागऱ्या पितळी घेतल्या. पितळी स्क्रू कठीण लाकडात पिळताना तुटतात, म्हणून आधी लोखंडी स्क्रू साबण लावून आत घालायचा, वाट करून घ्यायची, तो काढायचा आणि त्याच जागी पितळी बसवायचा. ही युक्ती मला ठाऊक नव्हती. सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

ओट्याखालच्या दारांना मात्र स्टीलच्या बिजागऱ्या लागतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल." त्यावर जाऊ नका. स्वस्त २०२ नंबरचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. समुद्रकाठी निदान ३०४ नंबरचं घ्यावं, आणि बिलावर तसं लिहून घ्यावं.

दारं पावसाळ्यात अडकतात, त्याबद्दल मेस्त्रींनी मला चांगलंच सुनावलं. दर श्रावणात मी कुणाला तरी बोलावून अडकणारं दार तासून घेत असे. लाकूड तेव्हा फुगलेलं असतं. तेव्हा तासलं की माघ-फाल्गुनात ते आकसतं आणि फट पडते. आमच्या फडताळात झुरळं कुठून येतात हे कोडं मला वीस वर्षं सुटलं नव्हतं. ती फट मीच पैसे देऊन पाडून घेतली होती! दार तासायचं ते दिवाळीनंतर, आणि तेही थोडंसंच.

अजून एक. दाराच्या चौकटीत मधला दिल्हा असतो ना, तो खाचेत मोकळा बसवलेला असतो, मुद्दाम. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. त्याला पावसात फुगायला जागा हवी. मागे एका रंगाऱ्याने सफाईसाठी ती खाच लांबी भरून बुजवून टाकली होती. दुसऱ्या वर्षी दिल्ह्याला उभी चीर गेली. आम्ही म्हणालो, जुनं लाकूड, आता तडकणारच. मेस्त्रींनी लांबी खरवडून काढली, चिरेत पट्टी बसवली, आणि दिल्हा पुन्हा हलायला लागला.

मी हे सगळं सांगते आहे ते नव्याला नावं ठेवायला नाही. आजच्या तयार स्वयंपाकघरांचं मूळ ज्यात सांगतात, ते जर्मनीतलं फ्रँकफर्ट शहराचं स्वयंपाकघर १९२६ मध्ये मार्गारेट श्युट्ट-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी आखलं. कामगारांच्या घरांसाठी तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. जागा केवढी, तर १.९ मीटर गुणिले ३.४ मीटर. बाईंनी स्वयंपाक करणारीची पावलं मोजून वस्तूंच्या जागा ठरवल्या. डाळ, तांदूळ, साखर ठेवायला ॲल्युमिनियमचे छोटे खण, बाहेर काढून थेट पातेल्यात ओतता येतील असे. पण पिठाचा खण ओक लाकडाचा, कारण त्या लाकडातल्या तुरट अंशामुळे किडे लागत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आमचं फडताळ आठवलं. पहिल्या तयार स्वयंपाकघरातही हाताचा आणि लाकडाचा विचार होता. पुढे कपाटं राहिली आणि तो विचार मात्र सगळीकडे राहिला नाही.

तेव्हा आम्हीही नवं केलं, जिथे अडत होतं तिथे. ओट्याखालच्या खोल खणांत बाहेर ओढता येणारे तीन कप्पे केले. त्यांना बाजारात मिळणाऱ्या लोखंडी पट्ट्या नको म्हणाले मेस्त्री, इथे त्या धरतात. लाकडी पट्टीवर लाकूड सरकतं आणि वर्षातून दोनदा मेणबत्ती घासायची. आता पातेलं माझ्याकडे येतं, मला त्याच्याकडे जावं लागत नाही. सिलिंडरच्या खणाच्या दाराला अगदी तळाशी जाळी लावली. स्वयंपाकाचा गॅस हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली साचतो. वरच्या बाजूला भोकं पाडून उपयोग नाही. ज्यांच्याकडे सिलिंडर बंद कपाटात आहे त्यांनी हे घरी जाऊन आजच बघावं.

जाळीचं कपाट कोपऱ्यातून बाहेर आलं. वर्तमानपत्रं काढली, जाळी बदलली, आणि त्यात पापड, फेण्या, सुकी मिरची राहू लागली. बंद कपाटात पावसाळ्यात या गोष्टींवर बुरशी धरते. जाळीतून हवा फिरते. सूनबाईच्या मिक्सरसाठी समोरच्या भिंतीला उघडी मांडणी केली, प्लगसकट. तिला ती इतकी आवडली की डोंबिवलीच्या घरातही एका कपाटाचं दार तिने काढून टाकलं आहे.

आता माझी चूक सांगते. फडताळाची दारं निघालेली होती, तेव्हा मला वाटलं, दुसरी फळी चार बोटं वर घेतली तर खाली स्टीलचा मोठा डबा उभा राहील. मेस्त्रींनी एकदा विचारलं, "आजयेक इचारलास?" मी म्हटलं, "चार बोटांनी काय होतंय!" फळी वर गेली.

काम चालू होतं ते आठ दिवस सासूबाई स्वयंपाकघरात आल्या नव्हत्या. आवाज, धूळ, सामान इकडेतिकडे. पहिले दोन दिवस त्या विचारत होत्या, काय झालं, कुठवर आलं. मग विचारायच्या बंद झाल्या. ओसरीवर बसून राहायच्या. जेवायला वाढलं की जेवायच्या. मला ते कळलं, पण कामाच्या गडबडीत मी तिकडे लक्ष दिलं नाही. नवव्या दिवशी दारं चढली आणि मी त्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी कडा चाचपली, मूठ चाचपली, दार उघडलं. उघडताना आवाज झाला नाही याचं त्यांना नवल वाटलं. मग हात नेहमीच्या सवयीने आत गेला, फळी जिथे असायची तिथे नव्हती, मनगट वरच्या फळीच्या कडेला आपटलं आणि तिरफळांची काचेची बरणी खाली आली. हाताला कापलं. फार नाही, पण रक्त आलं. "लागला नाय माका," त्या म्हणाल्या आणि परत ओसरीवर जाऊन बसल्या. त्या दिवशी संध्याकाळी त्या आत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

मेस्त्रींना फोन केला. ते दुसरं काम टाकून आले आणि फळी होती तिथे परत बसवली. जुन्या खाचा अजून तशाच होत्या, म्हणून पाऊण तासात झालं. मोठ्या डब्याला मांडणीवर जागा केली. दाराला आतून लाकडी खिट्टी होती, ती मी लोहचुंबकाची करणार होते. तीही तशीच ठेवली. खिट्टी फिरली की त्यांना कळतं दार लागलं म्हणून. आणि मुठी मी सावंतवाडीच्या चितार आळीतून आणल्या. तिथे लाकडाची खेळणी, फळं, रंगीत पाट करतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. फडताळाला गोल मूठ, जाळीच्या कपाटाला लांबट, आणि सिलिंडरच्या खणाला मूठच नाही, फक्त एक खाच. सुनेने विचारलं, सगळ्या एकसारख्या का नाही घेतल्या? मी म्हटलं, आजीला विचार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करायला आले, तर त्या फडताळापुढे उभ्या होत्या. एकेक वस्तू काढून खाली ठेवत होत्या आणि परत जागेवर लावत होत्या. माझ्या लावण्यात आमसुलांची बरणी आणि चिंचेची बरणी बदलली होती, हे त्यांनी मला ऐकवलं. नव्या बरण्या आता प्लास्टिकच्या आहेत, पण झाकणं वेगवेगळ्या आकारांची घेतली आहेत.

खर्चाचं सांगायचं राहिलं. एकूण एकेचाळीस हजार रुपये झाले, त्यातली निम्म्याहून जास्त मेस्त्रींची मजुरी. घाईत असलेल्या माणसाला हे काम परवडणार नाही, हेही खरं. तेरा दिवस घर उलटंपालटं होतं. आणि ज्यांच्याकडे सगळी कपाटं भुशाच्या बोर्डाची आहेत आणि फुगली आहेत, त्यांना माझ्या या गोष्टींचा फारसा उपयोग नाही. ती बदलावीच लागतील. पण बदलायच्या आधी खिशात टोच्या असलेला एखादा माणूस बोलवा. अशी माणसं आता गावागावांत कमी होत चालली आहेत. आमच्या मेस्त्रींचा मुलगा कणकवलीला मोबाइलच्या दुकानात आहे.

मुलगा गणपतीला आला तेव्हा त्याने फडताळाचा फोटो काढून मित्रांना पाठवला. त्या चित्रातल्या पांढऱ्या कपाटांचा विषय निघाला नाही. मात्र भर पावसात फडताळाचं उजवं दार थोडं अडकलंच. मी हात लावला नाही. मेस्त्रींना सांगून ठेवलं आणि ते दिवाळीनंतर रंधा घेऊन आले. दोन हात मारले आणि चहा घेऊन गेले.